मैदान कुणाच्या बापाचं?

'खेळात जात नसते' असं सांगणारा पांढरपेशा प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक डब्यात एक तरी भेटतो. शिक्षणात तुम्ही जात आणली, नोकरीत आणली, आता खेळ तरी सोडा, तिथं फक्त गुणवत्ता चालते, असं तो चहाचा कप खाली ठेवता ठेवता ऐकवतो. दोस्तहो, त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्याला एवढंच विचारा : साहेब, त्या गुणवत्तेची फी किती? महिन्याला भरायची का वर्षाला?

गेटवर आता जात विचारत नाहीत. तेवढे ते शहाणे झालेत. गेटवर आता पावती विचारतात.

मी फुटबॉलबद्दल बोलतोय. गरिबांचा खेळ म्हणून ज्याचा जगभर डांगोरा पिटला जातो तो फुटबॉल. एक बॉल, दोन चपलांचा गोल, बाकी काही लागत नाही. आमच्या वस्तीतली पोरं तशीच खेळतात. नाल्याच्या कडेला, पत्र्याच्या भिंतीला बॉल आपटत, मधेच पाण्याचा टँकर आला की बाजूला होत. त्याला पैसा लागत नाही हे खरं. पण त्या फुटबॉलची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. त्यातून निवड होत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही, पेपरात नाव येत नाही. ज्याची नोंद होते तो फुटबॉल दुसरा आहे. तो फिरता आहे. आज ठाणे, पुढच्या रविवारी पुणे, दिवाळीत गोवा. हा फिरता फुटबॉल अकरा वर्षांच्या पोराकडून आधी पैसे मागतो, मग पाय.

हिशेब मांडतो. हवेत बोलायची सवय आपल्याला नाही.

आमच्या गल्लीतलं एक पोरगं. वय अकरा. नाव लिहीत नाही, कारण त्याला अजून खेळायचं आहे. आई चार घरी पोळ्या-भाजी करते, महिन्याला १३ हजार मिळवते. बाप सफाईच्या ठेकेदाराकडे, पगार होईल तेव्हा होतो. पोराचा डावा पाय असा की बघणारा उभाच राहतो. एका ॲकॅडमीच्या माणसाने बघितलं आणि म्हणाला, घेऊन या. आईने नेलं. वर्षभराचं गणित मी तिच्याशेजारी बसून वहीत लिहिलं. फी महिन्याला ३,५००, म्हंजे वर्षाला ४२,०००. ॲकॅडमीचाच ड्रेस पाहिजे, बाजारातला चालत नाही, २,८००. बूट २,२०० चे, आणि वाढत्या पायाला वर्षात दोन जोड, ४,४००. नडगीचे पॅड आणि मोजे ७००. स्पर्धांची प्रवेश फी डोकी ६०० प्रमाणे आठ वेळा, ४,८००. सरावाला आठवड्यातून तीनदा रिक्षा नि लोकल, दिवसाला ६० रुपये, वर्षाचे १४४ दिवस धरले तर ८,६४०. आणि गोव्याची चार दिवसांची 'टूर' १४,०००. बेरीज ७७,३४०.

आईची वर्षाची कमाई १ लाख ५६ हजार. म्हंजे तिने वर्षभर लाटलेल्या पोळ्यांतली प्रत्येक दुसरी पोळी एका बॉलच्या मागे जाणार. घरभाडं, रेशन, धाकटीची शाळा, सासूच्या गोळ्या उरलेल्या अर्ध्यात.

यात खाडे धरलेले नाहीत. स्पर्धेला पोराबरोबर मोठं माणूस लागतं. रविवारी सकाळी सातला मैदानावर हजर, म्हंजे पाचला घर सोडायचं, म्हंजे चारही घरी 'आज येणार नाही' सांगायचं. मालकिणी खाडा कापतात. महिन्यात तीन खाडे झाले की दुसरी बाई बघतात. मोटारवाल्याच्या पोराला आई सोडायला येते तो तिचा रविवार असतो. आमच्या बाईचा तो बुडालेला रोज असतो. हा खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही आणि सगळ्यात जास्त तोच चावतो.

आणि पोरगी असली तर? तिला एकटीला लोकलने पाठवणार कोण? रात्री सामना संपल्यावर मैदानावर कपडे बदलायला खोली नाही, संडास नाही. बाप म्हणतो, बस झालं. पोरीचा खेळ तेराव्या-चौदाव्या वर्षी संपतो आणि आपण म्हणतो, हिचा रसच गेला. रस कुठे गेला नाही. तिच्याबरोबर जायला दुसऱ्या माणसाचं तिकीट नव्हतं.

आमच्या पोराची आई वही बंद करून म्हणाली, "दादा, पोराला बॉल पुरत व्हता. ह्यांनी त्याला रस्ता दाखवला, अन् रस्त्यावर नाका बसवला." मी ह्या विषयावर पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. ह्या वाक्याच्या पुढे एकही गेलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, हुशार पोरांना स्कॉलरशिप असते. असते. आमच्या पोरालाही मिळाली. फी माफ झाली. कशासाठी झाली ते नीट बघा. ॲकॅडमीला सामने जिंकायला दोन-तीन पाय लागतात, आणि फी भरणाऱ्या पंधरा पोरांत ते सापडतीलच असं नाही. म्हणून वस्तीतला एखादा उचलायचा. तो गोल मारतो, फोटो पंधरा जणांचा निघतो, तो फोटो बघून पुढच्या वर्षी आणखी वीस पालक फी भरतात. पोरगं फुकट खेळत नाही. ते धंद्याची जाहिरात करतं, आणि त्या मजुरीला ते लोक स्कॉलरशिप म्हणतात. आणि टूर निघाली की कळतं, स्कॉलरशिपमध्ये टूर बसत नाही. गाडीभाडं, हॉटेल, जेवण ज्याचं त्याने. मुंबईतले सगळे सामने जिंकून देणारं पोरगं गोव्याला जात नाही. ज्याला त्याने पास दिले तो जातो. परत आल्यावर सराव सुरू होण्याआधी मैदानावरचे शंकू कोण मांडतं? फुकटवालं पोरगं. कुणी सांगितलेलं नसतं. त्याला आपोआप समजतं.

हे मांडणं नवं नाही. पळवणकर बाळू आठवा. जातीने चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी लोटायचा, जाळ्या बांधायचा, रोलर फिरवायचा. साहेबांना सराव मिळावा म्हणून त्याच्याकडून तासन् तास चेंडू टाकून घ्यायचे. बॅट मात्र हातात देत नव्हते. हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून त्याला घेतला. मैदानावर त्याने शिवलेला चेंडू सगळ्यांना चालायचा, चहाच्या वेळी मात्र त्याचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा ह्याच बाळूने ११४ बळी घेतले. हिंदू संघाचं कप्तानपद त्याला शेवटपर्यंत दिलं नाही. ते १९२३ साली त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही भांडणं झाल्यावर. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि पडला. त्याचं राजकारण आपलं नाही. पण मातीचं भांडं आपलं आहे. हात पाहिजे, माणूस नको, ही रीत तिथे पक्की झाली. आज भांडं मातीचं नाही, एवढाच फरक. आज ते 'टूर तुमच्या खर्चाने' असं छापील येतं.

हे दुकान कुठून आलं? दुकानाचा मूळ नमुना अमेरिकेत आहे, आणि तो आपण बघितला पाहिजे, कारण तिथे ते सगळं शेवटापर्यंत गेलेलं आहे. तिथल्या फुटबॉलला सॉकर म्हणतात. आठ-नऊ वर्षांच्या पोरांची निवड चाचणी होते, त्यातून फिरते संघ बनतात, ते शनिवार-रविवार दुसऱ्या शहरात, दुसऱ्या राज्यात खेळायला जातात. क्लबची फी, कोचचा पगार, ड्रेस, प्रवेश फी, पेट्रोल, विमान, सगळं आईबापाच्या खिशातून. काही स्पर्धांचा तर नियमच असा की आयोजक सांगेल त्याच हॉटेलात उतरायचं, नाहीतर संघाला प्रवेश नाही. हॉटेलवाला आयोजकाला वाटा देतो. खेळ कुणाचा चाललाय ते ह्यावरून ओळखा. आईबाप हे सोसतात, कारण मोठ्या स्पर्धांना कॉलेजांचे कोच पोरं हेरायला येतात, आणि तिथल्या कॉलेजची फी ऐकली तर माणूस घेरी येऊन पडेल. पोराला खेळावर कॉलेज मिळेल ह्या आशेवर दहा वर्षं पैसा ओतायचा. बहुतेकांना काही मिळत नाही. मटक्याच्या चिठ्ठीवर आकडा लावणारा आमचा शेजारी आणि हे, दोघांचा आकडा एकच.

तिथल्या ॲस्पेन इन्स्टिट्यूट नावाच्या संस्थेने पालकांना विचारून हिशेब काढला. २०२४ साली एका पोराच्या एका मुख्य खेळावर घराचा सरासरी खर्च १,०१६ डॉलर, तेव्हाच्या भावाने ८५ हजार रुपयांच्या आसपास. २०१९ च्या तुलनेत ४६ टक्के वाढ. ही सगळ्या खेळांची, सगळ्या घरांची सरासरी. फिरत्या संघातल्या घराचा खर्च ह्याच्या कित्येक पट जातो. ज्या घराची मिळकत कमी त्या घरातली पोरं मैदानावर कमी, हे तिथले आकडे वर्षानुवर्षं सांगताहेत. मेक्सिकोहून, मध्य अमेरिकेतून आलेले मजूर रविवारी बागेत आपापल्या लीग खेळतात. त्यांच्या पोरांच्या रक्तात तो खेळ आहे. पण तिकडे हेरायला कुणी फिरकत नाही, कारण तिथे प्रवेश फी नाही. जगज्जेत्या महिला संघाची गोलकीपर होप सोलो २०१८ साली उघड बोलली की तिच्या घराला आजच्या दरात हा खेळ परवडला नसता, तो श्रीमंत गोऱ्या पोरांचा खेळ झालाय. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, एवढ्या अजस्र देशाचा पुरुष संघ त्रिनिदाद-टोबॅगोसारख्या चिमुकल्या बेटांकडून हरला आणि २०१८ च्या विश्वचषकाला मुकला. तेव्हा तिथल्याच पेपरांनी लिहिलं की आपण खेळाडू निवडत नाही, ग्राहक निवडतो.

आपल्याला अमेरिकेचं काय, असं विचारू नका. आपण १९७२ साली पँथर हे नाव तिथूनच घेतलं. ज्यांच्याकडून घेतलं त्या काळ्या पोरांना आज कुठल्या मैदानावर जाऊ देत नाहीत आणि कसं, हे बघणं आपलं काम आहे. तिथे गुलामांच्या नातवाला 'तू काळा आहेस' असं कुणी म्हणत नाही. त्याला दरपत्रक देतात. इथेही दरपत्रकच आलं आहे. टर्फ आली, तासाला हजार-पंधराशे. ॲकॅडम्या आल्या, त्यांच्यावर परदेशी क्लबांची नावं आली. भारतीय संघ १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून जेमतेम एका गोलने हरले. आज नऊ वर्षांच्या पोराला बुटाशिवाय टर्फवर पाय ठेवू देत नाहीत.

ह्यावर एक ठरलेलं उत्तर येतं. काय करणार, खेळ महागच असतो. खोटं आहे. महाग केलेला असतो. नॉर्वे घ्या. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ साली मुलांच्या खेळाचे नियम केले, २००७ साली सुधारले. सहा वर्षांच्या पोराने फक्त आपल्या गावात खेळायचं. नऊ वर्षांपासून आपल्या विभागात. त्यापलीकडे अकरापासून. राष्ट्रीय अजिंक्यपद वगैरे तेरा वर्षांच्या आत नाहीच. अकराच्या आत निकालांचे तक्तेसुद्धा लावायचे नाहीत. हा सगळ्या संघटनांवर बंधनकारक नियम आहे. म्हंजे तिथे लहान पोराला किती लांब न्यायचं ह्याला नियमाने वेसण आहे. देशाची लोकसंख्या मुंबईच्या निम्मीही नाही, आणि २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सगळ्यात जास्त, ३९ पदकं त्यांची. म्हणाल, ते श्रीमंत आहेत, त्यांना परवडतं. अहो, पोरांना लांब न नेण्याला कुठे पैसे लागतात?

नॉर्वे लांब वाटत असेल तर कोल्हापूरला जा. तिथे फुटबॉल तालमींचा आहे, पेठांचा आहे. पोरगं पेठेत जन्मतं, पेठेच्या संघात वाढतं, शाहू स्टेडियमवर खेळतं, आणि सगळं गाव बघायला येतं. सामना घरापासून सायकलच्या अंतरावर. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हंजे सरकारी खर्चाने, घडला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. सरकारने राहण्या-जेवण्याचा, जाण्यायेण्याचा भार उचलला की काय होतं त्याचा हा चालताबोलता पुरावा. पुरावा असूनही अशा जागा मूठभर ठेवायच्या आणि दुकानं मात्र गल्लोगल्ली उघडू द्यायची, ह्याला धोरण म्हणतात.

नागपूरचंही बघा. विजय बारसे सरांनी २००१ साली पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं पाहिली आणि झोपडपट्टी फुटबॉल उभा केला. नागराज मंजुळेने २०२२ साली त्यावर 'झुंड' काढला. थिएटरात टाळ्या पडल्या. पण त्या सिनेमातली खरी लढाई कुठे आहे ते आठवा. सामना अर्ध्यातच जिंकून होतो. उरलेल्या सिनेमात पोरं कागद गोळा करत फिरतात. पासपोर्ट, पोलीस, दाखला, तिकीट. बॉल जाळ्यात मारायला पाय पुरतो. विमानतळापर्यंत पोचायला सगळं सरकार आडवं येतं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी घरी जाऊन आपल्या सोसायटीचं मैदान शेजारच्या झोपडपट्टीला संध्याकाळी तासभर उघडून दिलं?

आता मुद्द्याचं. हा प्रश्न करमणुकीचा असता तर मी इतकी शाई घातली नसती. ह्या राज्यात खेळाचं प्रमाणपत्र म्हंजे काय असतं? दहावी-बारावीला सवलतीचे गुण. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा, २००५ पासून. हे आरक्षण समांतर आहे, म्हंजे प्रत्येक प्रवर्गात, अनुसूचित जातींच्या जागांतही खेळाडूच्या जागा असतात. त्या भरायला पोरं सापडतात का? प्रमाणपत्र पाहिजे ते राज्य पातळीचं, राष्ट्रीय पातळीचं. त्या पातळीला पोचायचं तर फिरावं लागतं. फिरायचं तर ७७ हजार लागतात. साखळी बघा कशी बसते : पावती, प्रवास, प्रमाणपत्र, गुण, नोकरी. पहिली कडी पैशाची आणि शेवटची सरकारची. आपल्या आरक्षणावर चौकाचौकात गळा काढणारा माणूस ह्या साखळीबद्दल एक शब्द बोलत नाही, कारण तिथे त्याच्या पोराची 'मेहनत' असते. आमच्या पोराची ती लायकी नसणं, आणि त्याच्या पोराची ती मेहनत!

वरून रेल्वे. स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूंना पूर्वी तिकिटात मोठी सूट होती. गरीब शाळांचे संघ त्या सुटीवर तर जात. मार्च २०२० मध्ये कोरोना आला आणि रेल्वेने विद्यार्थी, रुग्ण आणि अपंग सोडून बाकी सगळ्यांच्या सवलती थांबवल्या. म्हाताऱ्यांची सवलत गेली त्याच्यावर बोंब झाली, व्हायलाच पाहिजे होती. त्याच फटक्यात खेळाडूची गेली तेव्हा आपल्यातला कुणी स्टेशनवर गेला का? एक निवेदन? एक पत्रक?

आणि मैदानं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई महापालिकेने मोकळ्या जागा संस्थांना सांभाळायला देण्याचं धोरण मंजूर केलं. ओरड झाली, मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. २०२३ मध्ये पालिका पुन्हा नवा मसुदा घेऊन आली. सांभाळायला देणे म्हंजे काय ते वस्तीतल्या पोरांना विचारा. आधी कुंपण येतं. मग वॉचमन येतो. मग वेळा लागतात. सहा ते आठ ॲकॅडमी, आठ ते दहा 'सभासद'. पोरांना मिळते दुपारी बारा ते तीन, उन्हात, तीही शाळेच्या वेळात.

दोस्तहो, ही गोष्ट आपण ऐकलेली आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पैशाची पाणवठ्याची जागा सगळ्यांना खुली. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर चवदार तळं आपलं झालं होतं. कुणी पाणी पिऊ देत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना जाऊन ओंजळ भरावी लागली तेव्हा ठरावाला अर्थ आला. पालिकेच्या मैदानावर आजही पाटी असते, 'सर्वांसाठी खुले'. पाटी वाचून तहान भागत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट करतो. एक : बारा वर्षांखालच्या पोरांची जिल्ह्याबाहेरची कुठलीही स्पर्धा निवडीसाठी धरू नये. नॉर्वेला जमतं ते महाराष्ट्राला जमेल. दोन : निवड चाचणी पोरांकडे यावी, पोरांनी तिच्याकडे जाऊ नये. तालुक्यात, वॉर्डात, पालिकेच्या शाळेत घ्या. तीन : निवड झालेल्या पोराचा आणि बरोबरच्या एका माणसाचा प्रवास सरकारने द्यावा, आणि त्या माणसाचा बुडालेला रोजही द्यावा. साहेब दौऱ्यावर गेला तर भत्ता घेतो, मग मोलकरणीने का घेऊ नये? चार : पालिकेच्या प्रत्येक मैदानावर संध्याकाळचे दोन तास वस्तीच्या पोरापोरींसाठी बिनपैशाचे, आणि पोरींसाठी दिवा, खोली, संडास. पाच : शाळकरी खेळाडूला रेल्वे-एसटीची सवलत हक्काने, कुणाच्या मर्जीने नाही.

हे झालं सरकारचं. आता आपलं. इथे काही जणांना झोंबेल.

आपल्यातले जुने लोक म्हणतात, बाबासाहेब शिका म्हणाले, खेळा म्हणाले नाहीत. बॉलने पोट भरतं का? मी म्हणतो, समता सैनिक दलाची कवायत कशासाठी होती? ज्यांचं अंग हजारो वर्षं दुसऱ्याच्या कामाला लावलेलं, कंबर वाकवून चालायला शिकवलेलं, त्यांनी छाती काढून एका रांगेत उभं राहणं हे शिक्षणच होतं. मैदानावर आपलं पोरगं आपल्या मर्जीने धावतं, कुणाचं ओझं न घेता. हे लहानसहान नाही.

आणि जयंती. जयंतीला नाचू नका म्हणणाऱ्या सोवळ्यांतला मी नाही. नाचा. आपल्याला नाचायला रस्ता कुणी दिलेला नाही, आपण घेतला आहे. पण एका रात्रीच्या डीजेच्या बिलात, आमच्या गल्लीच्याच हिशेबाने, दहा-बारा पोरांचे वर्षाचे बूट येतात. वर्गणीतला दहावा हिस्सा मैदानासाठी बाजूला काढा, बाकीच्यात खुशाल दणदणाट करा. मंडळाच्या बैठकीत हे बोललं की लोक गप्प होतात, मग कुणीतरी म्हणतं, बघू पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी पोरगं बारा वर्षांचं असतं आणि पाय त्या बुटात मावत नाही.

ब्लॅक पँथरचं नाव आपण घेतलं, डरकाळीही घेतली. त्यांनी जानेवारी १९६९ पासून ओकलंडमध्ये शाळेत जाणाऱ्या पोरांना रोज सकाळी फुकट न्याहारी घातली, आणि ती पुढे कितीतरी शहरांत पोचवली, हे मात्र आपण घ्यायचं विसरलो. अंडी तळणारे हात क्रांतिकारकांचेच होते. त्यांच्या बंदुकीइतकीच ह्या न्याहारीचीही सरकारला धास्ती होती.

तेव्हा करायचं काय ते सांगतो, कारण नुसती आग ओकून अंक भरायला मला आवडत नाही. प्रत्येक विहारात एक पेटी ठेवा बुटांची. पोरांचे पाय वाढतात, बूट तसेच राहतात. मोठ्याचे बूट धाकट्याला, वहीत नाव लिहून. दुसरं, प्रवासाची पाळी लावा. कॉलेजातल्या पोरापोरींनी आळीपाळीने रविवारी संघाबरोबर जायचं, म्हंजे बायांचे खाडे वाचतील. पोरींच्या संघाबरोबर पोरींनी जायचं. तिसरं, कागद. संघटनेत नाव नोंदवायला जन्मदाखला लागतो, आणि आपल्या अर्ध्या पोरांचा तो अडकलेला असतो, कुणाचा गावी, कुणाचा हॉस्पिटलात, कुणाचं नाव चुकलेलं. जातीचा दाखला काढता काढता आपण ऑफिसातली प्रत्येक खिडकी पाठ केली आहे. ती विद्या इथे लावा. चौथं, माहितीचा अधिकार आहे. आपल्या वॉर्डातलं मैदान कुणाकडे आहे, करार काय, फी घ्यायची परवानगी आहे का, हे एका अर्जावर मागा. दहा रुपयांच्या तिकिटावर भल्याभल्यांचं कुंपण हलतं.

आणि ॲकॅडमीत फुकट खेळणाऱ्या आपल्या पोराला एक गोष्ट शिकवा. सामना जिंकून दिल्यावर मान खाली घालून 'थँक्यू सर' म्हणायचं नाही. विचारायचं, सर, टूरला माझं नाव आहे का? नसेल तर पुढच्या रविवारी मी पण नाही. अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडी संपाची भाषा घालतोय म्हणून कुणी मला नावं ठेवेल. ठेवू दे. मजुरी अकराव्या वर्षी घेता, तर संपही अकराव्या वर्षीच होणार.

पुढच्या अंकापर्यंत प्रत्येकाने आपापल्या वॉर्डातल्या एका मैदानाची माहिती काढून आणा : कुंपण कुणाचं, वेळा कुणी लावल्या, पोरं कितीला आत जातात. तीच यादी छापू. मग यादी हातात घेऊन, बॉल काखेत मारून, पोरांसकट जाऊ. वॉचमनला दमदाटी करायची नाही. तोही आपलाच असतो, ठेक्यावरचा. त्याला पाटी वाचून दाखवायची आणि आत जायचं.

जय भीम.